'नगण्य' या शब्दाची बेरीज

नदीकाठच्या जमिनींच्या वापराचा निर्णय घेणाऱ्या पंचायती, नगरपालिका, महापालिका आणि नियोजन समित्या यांच्या सदस्यांना व अधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

पूरक्षेत्रातल्या बांधकामाची फाईल तुमच्यापुढे येते तेव्हा तिला एक जलशास्त्रीय अहवाल जोडलेला असतो. तुमच्यापैकी बरेच जण त्याचे फक्त शेवटचे पान वाचतात, कारण निष्कर्ष तिथे असतो: 'प्रस्तावित भरावामुळे पूरपातळीत होणारी वाढ नगण्य आहे.' हे वाक्य मी कितीतरी वर्षे लिहीत आले. अर्जदारांसाठी नदीची गणिते करून देणे हे माझे काम होते. माझ्या अहवालांत खोटे काही नव्हते. मोजमापे खरी होती, आकडे दोनदा तपासलेले होते. त्या एका भूखंडापुरते पाहिले तर वाढ खरोखरच नगण्य होती, कुठे दोन मिलिमीटर, कुठे पाच. एवढे खरे वाक्य हाताशी धरून दिलेल्या परवानग्यांनी नदीकाठची घरे बुडू शकतात, हे मला उशिरा उमगले. तुम्हाला ते वेळेत उमगावे म्हणून हे पत्र.

आधी पाण्याचे सांगते. पूर पात्राबाहेर पडतो तेव्हा पाणी वाट चुकलेले नसते. काठची सपाट, सखल जमीन नदीनेच गाळ टाकत, पसरत घडवलेली असते. पुराच्या दिवसांत ती जमीन दोन कामे करते. पाण्याला पुढे सरकायला जादा रुंदी देते, हे एक. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही: ती पाणी थोपवून धरते. वरून आलेला लोंढा मैदानात पसरतो, काही तास, कधी काही दिवस तिथे थांबतो आणि मग सावकाश उतरतो. त्यामुळे खालच्या गावात पुराचा माथा उशिरा पोहोचतो आणि उंचीला कमी होऊन पोहोचतो. १ हेक्टर जमिनीवर १ मीटर पाणी उभे राहिले तर ते १०,००० घनमीटर होते, म्हणजे १ कोटी लिटर. विकास आराखड्यात ज्या जमिनीला आपण 'पडीक' किंवा 'अविकसित' म्हणतो ती एका पुरात एवढे काम करून जाते.

आता त्या जमिनीवर भराव येतो. समजा, २,००० चौरस मीटरचा भूखंड आहे आणि त्यावर सरासरी दीड मीटर उंचीची माती टाकली. ३,००० घनमीटर, ३० लाख लिटर पाण्याची जागा गेली. अर्जदाराची इमारत कोरडी राहील, हे नक्की. ते ३० लाख लिटर मात्र कुठेतरी जाणारच: शेजारच्या भूखंडावर, समोरच्या काठाला किंवा खालच्या वस्तीत. एका भरावाचे पाणी एवढ्या मोठ्या नदीत विरून जाते. पण अशा वीस फायली मंजूर झाल्या की ६०,००० घनमीटर जागा गेलेली असते. ६ हेक्टरांच्या वस्तीत माणसाच्या कमरेएवढे पाणी उभे करायला एवढे घनफळ लागते. त्या वीस अहवालांत वीस वेळा 'नगण्य' लिहिलेले असते. त्यांची बेरीज कुठेच लिहिलेली नसते, कारण बेरीज करणे हे कोणाच्याच कामात बसत नाही.

ही बेरीज दिसेनाशी कशी होते ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या हाती असलेला उपाय त्यातच आहे.

पहिली गोष्ट तुलनेची. अहवालात 'प्रकल्पापूर्वी' आणि 'प्रकल्पानंतर' अशा दोन स्थिती असतात. 'प्रकल्पापूर्वी' याचा अर्थ आजची स्थिती. आज म्हणजे काय, तर आधीच्या एकोणीस भरावांसह असलेली नदी. विसावा अर्जदार एकोणिसाव्याच्या नंतरच्या नदीशी आपली तुलना करतो, एकोणिसाव्याने अठराव्याच्या नंतरच्या नदीशी केलेली असते. मूळ नदीशी कोणीच करत नाही. दर फाईलला मोजपट्टीचे शून्य थोडे पुढे सरकते.

दुसरी गोष्ट गणिताची. लहान प्रकल्पांसाठी बहुतेक वेळा जे गणित करतात, त्यात नदी एकाच ठरावीक विसर्गाने अखंड वाहते आहे असे धरलेले असते. पुराचा चढ नाही, उतार नाही, फक्त माथ्याचा विसर्ग. अशा गणितात पाण्याला वाट किती उरली एवढेच तपासले जाते. थोपवून धरलेल्या पाण्याची त्यात मोजदादच नसते. म्हणजे मैदानाने जी दोन कामे करायची, त्यांतले दुसरे गणितात शिरतच नाही. मुख्य प्रवाहापासून दूर, संथ पाण्याच्या कोपऱ्यात कितीही माती टाकली तरी हे गणित वाढ शून्याच्या आसपासच दाखवते. तुमच्यापैकी कोणी मला कधी विचारले असते, की बाई, यात साठवण धरली आहे का, तर मला 'नाही' म्हणावे लागले असते. कोणी विचारले नाही. मीही आपणहून सांगितले नाही. एवढी एक गोष्ट मला आजही सलते.

तिसरी गोष्ट हद्दीची. अभ्यासासाठी घेतलेला नदीचा तुकडा अर्जदाराच्या भूखंडाच्या थोडा वर सुरू होतो आणि थोडा खाली संपतो. तुमची हद्दही कुठेतरी संपते. नदी त्याच्या पुढे वाहते, आणि बेरजेचे पाणी पुढच्या हद्दीत जाते. तिथल्या लोकांना तुमच्या सभेत मत नसते.

बेरजेचा विचार नियमांत अजिबात नाही असे नाही. अमेरिकेत १९६८ साली राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नियमांनुसार नदीच्या दोन्ही अंगांना जोरात वाहत्या पाण्याचा एक पट्टा राखतात. पट्ट्याबाहेरची सगळी जागा भरली गेली तरी पूरपातळी एकूण १ फुटापेक्षा जास्त चढू नये, अशा हिशेबाने त्याची रुंदी ठरते. निदान इथे सगळे भराव एकत्र धरले आहेत. पण १ फूट म्हणजे किती, हे ज्याच्या घराचे जोते आजच पूरपातळीला टेकलेले आहे त्याला विचारा. इलिनॉयसारख्या राज्याने म्हणूनच ही मर्यादा फुटाच्या दहाव्या भागावर आणली.

उत्तर कॅरोलायनातले शार्लट शहर आणि त्याची मेक्लेनबर्ग काउंटी यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले, आणि ते पाऊल स्थानिक संस्थेच्या आवाक्यातले होते. २००० सालच्या सुमारास त्यांनी नकाशे नव्याने करताना आजच्या पुराबरोबर उद्याचाही पूर काढला: विकास आराखड्यात जे जे बांधायला परवानगी आहे ते सगळे बांधून झाले, सगळीकडे छपरे आणि डांबर आले, तर पाणी कुठवर येईल? त्या उत्तराची रेषा नकाशावर उमटली आणि नव्या घराच्या जोत्याची उंची तिच्यापासून मोजली जाऊ लागली. आपल्याच आराखड्याची बेरीज त्यांनी आपल्याच नकाशावर मांडली. शिवाय जी घरे आधीच खोलगट जागी होती ती मालकांच्या संमतीने विकत घ्यायला सुरुवात केली. अशी चारशेहून अधिक बांधकामे हटवून ती जागा ओढ्यांना परत दिली गेली आहे.

तुमची अडचण मला कळत नाही असे नाही. समोर बसलेला अर्जदार खरा माणूस असतो, त्याने आयुष्याची कमाई त्या जमिनीत घातलेली असते. ज्याच्या घरात पाणी शिरणार तो अजून नावाने माहीत नसतो. संस्थेला महसूल हवा असतो, शहराला घरे हवी असतात. आणि शेजारच्याला गेल्या वर्षी परवानगी दिली तर याला का नाही, या प्रश्नाला खरेच उत्तर नसते. म्हणूनच हा निर्णय प्रत्येक फाईलवर नव्याने घ्यायला लागू नये. तुम्ही एकदाच, कोणाचीही फाईल समोर नसताना, या नदीच्या मैदानात साठवणीची जागा आणखी किती जाऊ द्यायची ते ठरवा. माझे विचाराल तर शून्य. पण आकडा काहीही असो, तो ठरावात लिहिलेला असला पाहिजे आणि प्रत्येक परवानगीनंतर त्यातून वजाबाकी झाली पाहिजे.

माझी मागणी इतकीच आहे, आणि तिला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक नदीची आणि ओढ्याची एक नोंदवही ठेवा. भूखंड कोणता, भराव किती घनमीटर, कोणत्या उंचीपासून कोणत्या उंचीपर्यंत, परवानगीची तारीख काय. आणि शेवटच्या रकान्यात आजवरची बेरीज. नव्या फाईलमधला अहवाल आजच्या नदीशी नव्हे, तर नोंदवहीच्या पहिल्या पानावरच्या नदीशी तुलना करणारा असेल, अशी अट घाला. विनापरवाना टाकलेला राडारोडा आणि नंतर नियमित केलेली बांधकामेही तिच्यात चढवा, कारण पाणी परवाना पाहत नाही. तुमच्या हद्दीच्या खाली जे गाव आहे त्याला दर वर्षी त्या नोंदवहीची प्रत पाठवा.

भराव अगदी टाळताच येत नसेल तर तेवढीच जागा दुसरीकडे खोदून द्यायची अट घालता येते. इंग्लंडमध्ये ही अट उंचीच्या टप्प्यांनुसार घालतात: ज्या उंचीवरची जागा गेली त्याच उंचीवरची जागा परत मिळाली पाहिजे. यात मोठी मेख आहे, ती लक्षात ठेवा. अर्जदार वरच्या अंगाला माती भरतो आणि खाली नदीलगत खड्डा खणून घनफळ सारखे झाल्याचे दाखवतो. तो खड्डा पुराच्या पहिल्याच तासात, किंवा आधीच्या पावसात, भरलेला असतो. माथ्याचा पूर येतो तेव्हा त्यात घोटभर पाणीही मावत नाही. त्याच देशातल्या नियोजनाच्या नियमांत एक साधा क्रमही आहे: पूरक्षेत्रातल्या जागेवर कसे बांधायचे ही चर्चा करण्याआधी, हेच बांधकाम कमी धोक्याच्या दुसऱ्या जागी होऊ शकते का, हे अर्जदाराने दाखवायचे. नेदरलँड्समध्ये २००३ पासून जमिनीच्या वापराची योजना आखताना पाण्याच्या संस्थेचे मत सुरुवातीलाच घ्यावे लागते. शेवटी नाहरकत मागितली, तर तोवर नकाशा रंगवून झालेला असतो.

पूररेषेबद्दलही बोलायला हवे, कारण 'रेषेच्या बाहेर आहे' हे वाक्य 'नगण्य'चे सख्खे भावंड आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. तो यंदा आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षे सुटका होत नाही. त्या रेषेवरच्या घरात कोणी ३० वर्षे राहिला तर त्या काळात तो पूर येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारणपणे पंचवीस वर्षांच्या पुराची धरतात आणि लाल शंभर वर्षांच्या. निळ्या रेषेवरच्या घराला त्याच ३० वर्षांत पाणी लागण्याची शक्यता ७० टक्के आहे. गृहकर्ज फिटायच्या आत.

आणि रेषा कोणत्या नोंदींवरून काढली हेही विचारा. जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात जुलै २०२१ च्या एका रात्री १३० हून अधिक माणसे गेली. तिथले धोक्याचे नकाशे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मापनकेंद्राच्या नोंदींवर बेतलेले होते. त्याच खोऱ्यात १८०४ आणि १९१० साली प्रचंड पूर येऊन गेले होते. कागदपत्रांत त्यांच्या नोंदी होत्या, इतिहास लिहिणाऱ्यांना ते ठाऊक होते. नकाशाच्या गणितात मात्र ते नव्हते, कारण तेव्हा मापनकेंद्र नव्हते. तुमच्या नदीकाठच्या जुन्या भिंतीवर, देवळाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर पुराच्या खुणा असतील. नकाशा करणाऱ्या अभियंत्याला तिथे घेऊन जा. आमच्यासारख्यांना संगणकासमोरून उठवावे लागते.

संरक्षक भिंतीवर मी फार लिहिणार नाही. भिंत काही ठिकाणी लागतेच. पण अमेरिकन भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४५ सालीच मांडले होते की बांध आणि भिंती यांच्या भरवशावर लोक मैदानात आणखी वस्ती करतात आणि नुकसान वाढत जाते. भिंतीचा खर्च मंजूर करणार असाल तर तिच्यामागच्या जमिनीचा वापर बदलणार नाही, हा ठराव त्याच सभेत करा. पुढच्या सभेपर्यंत तिथे झोनबदलाचे अर्ज आलेले असतात.

आता सर्वांत कठीण भाग. सखल जमिनीवर आज जे राहतात त्यांचे काय?

पूररेषा आखली की तिची अंमलबजावणी पहिल्यांदा कुठे होते हे मी पाहिले आहे. पत्र्याच्या घरांना नोटीस जाते. त्याच रेषेत, त्याहून खोल जागी उभ्या राहिलेल्या मोठ्या इमारतीला दंड आकारून नियमित केले जाते. पत्र्याच्या घरांनी पाण्याची फारशी जागा अडवलेली नसते, पुरात पाणी त्यांच्यातून जाते आणि त्यांचेच सर्वस्व घेऊन जाते. भराव मोठ्या इमारतीचा असतो. नोंदवही ठेवलीत तर एवढे तरी उघड दिसेल, की नदीची जागा कोणी किती घेतली. उंचावरची जमीन महाग म्हणून माणसे खाली राहतात. त्यांना हलवायचे तर उंचावरची जमीन द्यावी लागेल, शाळा आणि रोजगार यांच्यापासून न तोडता. नुसती रिकामी करण्याची नोटीस म्हणजे त्यांना पुढच्या सखल जागेकडे ढकलणे.

आणि हे करता येते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ग्रँथम या गावावर १० जानेवारी २०११ रोजी पाण्याचा लोंढा आला, बारा माणसे गेली. तिथल्या स्थानिक परिषदेने जवळच्या उंचावरची सुमारे ९३५ एकर जमीन विकत घेतली आणि लोकांना सांगितले: खालचा भूखंड आम्हाला द्या, वरचा तुम्ही घ्या. सक्ती नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिली कुटुंबे नव्या घरांत गेली. अकरा महिन्यांत. परिषद लहान होती. तिने समितीचा अहवाल येण्याची वाट पाहिली नाही, एवढाच फरक. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुरात अडीच लाख लोकांना हलवावे लागले, त्यानंतर नद्यांना जागा परत देण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. नायमेगन शहरासमोर बांध ३५० मीटर मागे घेऊन नवा प्रवाह खोदला. त्यासाठी पन्नासेक घरे उठली, आणि पूरपातळी सुमारे ३५ सेंटिमीटर उतरली. त्याच कार्यक्रमात एका ठिकाणी शेतकऱ्यांनी आपली जमीन पुराला मोकळी करून घरे-गोठे उंच टेकाडांवर बांधायची योजना स्वतःहून मांडली. आधी त्यांच्याशी बोलणे झाले, म्हणून ते घडले.

मैदान मोकळे ठेवायचे म्हणजे ते वाया घालवायचे असे नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने सत्तरच्या दशकापासून ओढ्यांकाठची पूरजमीन घेऊन तिथे तळी आणि बागा केल्या. पुरात बाग बुडते, पाणी उतरले की लोक पुन्हा फिरायला येतात. खेळाची मैदाने, शेती, कुरणे, रोपवाटिका हे सगळे पाण्याला जागा देऊन चालते. तिथे न्यायचे नाही ते रुग्णालय, वीज उपकेंद्र, अग्निशमन केंद्र, पाण्याचे पंप. पुराच्या रात्री ज्यांची गरज लागते तेच पहिल्यांदा बुडालेले असतात, आणि त्यांच्या जागा तर सर्वस्वी तुमच्याच हातात असतात. जमीनमालकाच्या हक्काचा प्रश्न उरतो, तो खरा आहे. त्याला न बांधलेले चटईक्षेत्र उंचावरच्या भागात वापरू द्या, किंवा जमीन बदलून द्या, किंवा विकत घ्या. आणि पूरक्षेत्रातली प्रत्येक मिळकत विकली जाताना तिच्या उताऱ्यावर 'पूरक्षेत्र' हा शेरा असू द्या, म्हणजे विकणारा गप्प राहिला तरी घेणाऱ्याला वाचता येईल.

राज्याने कायदा केला की पाहू, असे कोणी म्हणेल. भारतात केंद्राने पूरमैदानांच्या विभागणीसाठीचे आदर्श विधेयक राज्यांना १९७५ साली पाठवले. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये कायदा केला, बहुतेक राज्यांनी केलाच नाही. या पन्नास वर्षांत भराव मात्र थांबलेला नाही. नोंदवही सुरू करायला सभेचा एक ठराव आणि एक कारकून पुरे.

माझ्या जुन्या अहवालांतले भरावाचे आकडे मी स्वतः काढायला घेतले आहेत, नदीच्या वरच्या अंगापासून खाली, एकेक भूखंड. काम निम्म्यावर आले आहे आणि बेरीज मला वाटले होते त्याहून मोठी निघते आहे. ती पूर्ण झाली की ज्या संस्थांच्या हद्दीत ते भूखंड आहेत त्यांना पाठवीन. तुमच्याकडे नोंदवही नसेल तर तिचे पहिले पान म्हणून ती वापरा. आणि पुढच्या सभेत 'वाढ नगण्य आहे' असा अहवाल समोर आला, तर मत देण्याआधी तो लिहिणाऱ्याला बोलावून एवढे विचारा: कोणत्या वर्षीच्या नदीच्या तुलनेत?

आपली विश्वासू,
एक जलअभियंता